सरदारची पावडर

"हात लावून बघा, डॉक्टर! रेशीम हाय, रेशीम!"

सत्यजीतने सरदारला डॉक्टरांपुढे उभं केलं. महिन्यापूर्वी हे कुत्रं दिवसभर गोठ्याच्या सावलीत लोळायचं. आता केसांवर चकाकी, पायांत वारं. गडी नुसता फुगला होता. सरदार नव्हे, सत्यजीत.

डब्यावर लिहिलंच होतं तसं. गाईच्या चिकाची पावडर. कुत्र्याला नवे केस, नवी चपळाई. सत्यजीतला त्या पावडरीची शिरूरची एजन्सी घ्यायची होती आणि त्यासाठी कारेगावच्या कंपनीतली पर्मनंट नोकरी सोमवारी सोडायची होती. त्याची बायको मोनाली काळजीने अर्धी झाली होती. "आधी आपल्या सरदारला देऊन बघा," ही अट तिचीच. आता ती तिच्याच अंगाशी आली होती.

डॉक्टर आले होते गाभण गाय तपासायला. बाजेवर बसून ते सत्यजीतच्या आजीच्या, सोजराबाईंच्या हातचा खरवस खात होते. गाय व्यायला अजून अवकाश होता. पण पुढ्यात खरवस आल्यावर चौकशा कोण करतो?

"पिलांना आईचा चीक लागतोच," डॉक्टर म्हणाले. "पण धडधाकट मोठ्या कुत्र्याला त्यानं फरक पडतो, याला भक्कम पुरावा काही नाही."

"पुरावा पुढ्यात उभा हाय की! आजी, सांग ह्यांना. रोज तूच घालत हुतीस न्हवं?"

सोजराबाई गडबडल्या. "आरं, चीक घरात आला की आधी आळीत वाटायचा असतोय. कुत्र्याला कसा घालू? म्या दूध-गूळ घालून त्या पावडरीचा खरवस लावला. तूबी दोन वाट्या हाणल्यास की! बाकीचा तुझं आबा खात्यात."

डॉक्टरांचा चमचा वाटीतच थांबला.

"मग सरदारला काय दिलंस?" सत्यजीतने विचारलं.

"दूध-भाकरी. पावडरीचा जोर जिरवायला म्हणून तू रोज सकाळी त्याला कॅनॉलपतुर पळवत हुतास. भूक लागायची बिचाऱ्याला."

मोनालीला हसू आवरेना. सत्यजीतचा चेहरा मात्र पार उतरला. एवढं ठरवलेलं असं एका वाटीत बुडालं, याचं त्याला फार वाईट वाटलं.

खरवसाची वाटी खाली ठेवून हौसराव आबा उठले. नातवासमोर येऊन त्यांनी टोपी काढली आणि तुळतुळीत डोकं पुढे केलं.

"नीट बघ, बाळा. महिनाभर खातोय. एक जरी केस उगवला असंल, तर खुशाल सोड नोकरी."