बापलेकीच्या पेशी

“माझ्या कातडीचा तुकडा हवा असेल, तर माझ्या लेकीचा, यमुनाचाही घ्या. नाहीतर राहू द्या,” गोपीनाथ शिंदे म्हणाले.

हवाई दलातून निवृत्त झाल्यावर ते लखनौलाच, महानगर नावाच्या वस्तीत राहिले होते. वडील, थोरला भाऊ आणि आता ते स्वतः. तिघांनाही कंपवाताने गाठलं होतं.

तिथल्या संशोधन संस्थेतल्या डॉ. कौमुदीला तुलनेसाठी निरोगी माणूस हवाच होता. तिने होकार दिला.

२०१४ चं ते वर्ष. त्वचेच्या पेशींना मागे नेऊन मूलपेशी करायच्या, मग ठरलेल्या दिवशी ठरलेली रसायनं देत त्यांना एकाच वाटेला लावायचं. कंपवातात मेंदूतल्या ज्या चेतापेशी मरतात, नेमक्या त्याच घडवायच्या. संस्थेत अजून कुणाला जमलं नव्हतं. कौमुदीला स्वतःची खात्री होती.

आणि जमलं. सहाव्या महिन्यात काचेच्या बश्यांत दोघांच्याही चेतापेशी तयार झाल्या. गोपीनाथांच्या लवकरच आखडल्या, गळायला लागल्या. यमुनाच्या पेशींना मात्र लांब फांद्या फुटल्या, त्या एकमेकींना जाऊन भिडल्या. घराण्यातला जनुकाचा दोष तिच्यात नव्हताच.

कौमुदीला फार बरं वाटलं. यमुना एकतीस वर्षांची. सुजय चार वर्षं लग्नासाठी थांबला होता आणि हिचं एकच पालुपद, “कल को मेरे भी हाथ काँपेंगे, तर त्याने का भोगायचं?”

शोधनिबंध पाठवण्याआधी नमुन्यांची अदलाबदल झाली नाही ना, हे पाहायची रीत असते. तो अहवाल आला. नमुने ज्याचे त्याचेच होते. पण बापलेकीत निम्मी जनुकं जुळायला हवीत, ती जुळत नव्हती. कौमुदीने पुन्हा तपासून घेतलं. तेच.

गोपीनाथांच्या पत्नी विजयाबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. बोलताना चार वाक्यांत एकदा तरी त्यांचं नाव येई. या माणसाला या वयात हे सांगायचं? कौमुदीने तो कागद कपाटात कुलूपबंद केला.

शनिवारी दोघं आली.

“यमुना, घरातला हा दोष तुझ्यात नाही. अजिबात नाही.”

“पक्का ना, ताई?”

“मी स्वतः पाहिलंय.”

यमुना रडता रडता हसली आणि सुजयला फोन करायला बाहेर धावली.

गोपीनाथ बसूनच राहिले. थरथरता हात त्यांनी दुसऱ्या हाताखाली दाबून धरला.

“डॉक्टर, आणखी काही दिसलं?”

“नाही, काका,” कौमुदी नजर न चुकवता म्हणाली. “बाकी सगळं व्यवस्थित.”

गोपीनाथांनी दाराकडे पाहिलं. बाहेरून यमुनाचा आवाज येत होता.

“तिलाही एवढंच सांगत राहा,” ते हळू आवाजात म्हणाले. “तिला कधी कळू देणार नाही, असं विजयाला वचन दिलंय. मग तिची भीती काढायची कशी, सांगा? चार महिन्यांची होती, अनाथाश्रमातून मीच आणून विजयाच्या मांडीवर ठेवली होती.”