तिसरी नळी

तिसरी नळी उजेडाकडे धरून अनंतराव सर जवळजवळ ओरडलेच, "अगं, ही तर आपल्या काढ्याच्याही पुढे गेली!"

मृण्मयी त्यांची संशोधक विद्यार्थिनी. हसू फुटू नये म्हणून तिने ओठ घट्ट दाबून धरले होते.

पहिल्या नळीत रक्त आणि नागाचं विष. रक्तपेशी फुटून सगळं लालभडक झालेलं. दुसरीत विषात आधी सरांचा काढा कालवलेला, मग रक्त घातलेलं. तिथे पेशी तळाशी शाबूत, वर पाणी नितळ. काढा सरांच्या आजोबांचा, त्यामुळे नातू आधीच हरभऱ्याच्या झाडावर चढलेला. विद्यापीठात पेढे वाटून झाले होते. उद्या देवगाव रंगारी गावात मांडव घालून काढ्याच्या बाटल्या फुकट वाटायच्या होत्या. साप चावला की लोक बाटली तोंडाला लावणार आणि दवाखान्यात न जाता घरीच पडून राहणार, हे मृण्मयीला स्पष्ट दिसत होतं. तिने सरांना परोपरीने सांगून पाहिलं. सरांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि तिलाच बाटल्यांवर लेबलं चिकटवायला बसवलं. पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून आज तिने विषात दुसरंच काही कालवून गुपचूप ही तिसरी नळी मांडली होती.

"मुळी कुठली ही? दिली कुणी?" सरांनी खिशातून पेन काढलं.

"चंपाबाईंनी."

"वैदू आहेत का?"

"आपल्या कँटीनवाल्या. सकाळपासून उकळत असलेला कोरा चहा आहे, सर."

पेन हवेतच राहिलं.

"तुरट काहीही विषात आधी कालवलं, की नळीत विष थंड पडतं," मृण्मयी म्हणाली. "पण नागाला कोण सांगणार, बाबा रे, आधी विष काढ्यात कालव आणि मग चाव?"

सरांचा चेहरा पहिल्या नळीसारखा झाला. त्यांनी तिसरी नळी पुन्हा उजेडाकडे धरली. मग त्यांना हसू आवरेना. हसतच त्यांनी देवगावात मांडव घालत असलेल्या कडुबाला फोन लावला.

"कडुबाभाऊ, उद्या बाटल्या वाटायच्या नाहीत. साप चावला की थेट सरकारी दवाखाना, एवढंच मी सांगणार."

"मंग माणसायला द्यायचं काय, सर? लई गोळा होणार हायेत."

सरांनी तिसऱ्या नळीकडे पाहिलं.

"चहा द्या," ते म्हणाले. "कोरा."