अज्ञात वाहन

मृणालने रस्त्यावर चुन्याच्या आडव्या रेघा मारल्या आणि रावजीला विचारलं, "काका, त्या इथूनच ओलांडत होत्या ना?"

"हातभर अलीकडं," रावजी म्हणाला. "उंडीच्या झाडासमोर."

मृणालने रेघा हातभर अलीकडे घेतल्या.

ती रस्त्याचा आराखडा करायला तालुक्याहून आली होती. चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना कडेने वेगळी वाट, आणि कोळीवाड्यासमोर उंचवटा करून क्रॉसिंग, म्हणजे गाडीवाल्याला वेग कमी करावाच लागेल. काशीदला जाणाऱ्या गाड्या या वळणावरून सुसाट जायच्या. पलीकडे एसटीचा थांबा, शाळा आणि बाजार. बायका टोपल्या घेऊन, मुली सायकली ढकलत रोज हा रस्ता ओलांडायच्या. गेल्या वर्षी रावजीची बायको सोनाबाई इथेच गाडीखाली गेली.

तेव्हापासून तो रोज सकाळी उंडीखाली बसायचा, ऊन पाठीवर घेत. किती माणसं ओलांडतात ते वहीत लिहायचा. त्या दिवसानंतर तो कुठल्याच गाडीत बसला नाही. क्रॉसिंगसाठी तालुक्याला अर्ज द्यायलासुद्धा चालत गेला. त्याचा नवा टेम्पो, जेमतेम आठ दिवस चालवलेला, परसात ताडपत्रीखाली होता. त्या सकाळी मासळीसाठी आणलेला बर्फ टेम्पोतच वितळून गेला, असं लोक सांगायचे आणि हळहळायचे.

"पा... द... चा... री," मागून आवाज आला. सुकी मासळी विकणारी भागुबाई मृणालने रोवलेली पाटी वाचत होती. साठीनंतर प्रौढ वर्गात ती अक्षरं शिकली. दिसेल ती पाटी वाचल्याशिवाय पुढे जायची नाही.

"काकी, पुढचा शब्द संध्याकाळपर्यंत होईल," रावजी म्हणाला.

"पुढं जोडाक्षर हाय. जोडाक्षर सोडून समदं येतं मला." तिने टोपली खाली ठेवली. "तू अर्ज दुसऱ्याकडून लिहून घेतोस, मला माहीत हाय."

मृणाल हसली. मग तिने वळणाकडे बघत विचारलं, "गाड्या इथे हळू होत नाहीत का?"

"कशा होतील? सातच्या सुमाराला ऊन समोरून डोळ्यात शिरतं. झाड येईस्तवर माणूस दिसतच न्हाय. आन् दिसला की पाय ब्रेकवर जाईपर्यंत..." रावजी थांबला. "असं डायवर लोक सांगतात."

मृणालने ते टिपून घेतलं. मग भागुबाईकडे वळली. "आजी, त्या दिवशी तुम्ही इथे होतात ना? गाडी बघितलीत?"

"बघितली. तवाच सांगितलं पोलिसांना."

"कुठली गाडी होती?"

"सोनाबाई," भागुबाई म्हणाली.

रावजी हळू आवाजात म्हणाला, "म्याडम, तिला नका विचारू. गाडीचं काढलं की सोनाचं नाव घेते. त्या दिवशी पन तेवढंच म्हनाली, अडखळत अडखळत. रडू फुटलं असनार."

"मी कुठं रडत होते?" भागुबाई म्हणाली.

"चल काकी, ऊन चढलं. मासळीला माशा बसतील."

भागुबाई पुटपुटत टोपली घेऊन गेली. मृणालने कागद गोळा केले, पण निघाली नाही.

"काका, एक सांगायचं राहिलं. यंदा पैसे एकाच क्रॉसिंगपुरते आलेत. दुसरी मागणी पुढच्या रिसॉर्टच्या दारातली आहे. तिथे एकाचा पाय मोडला होता, पण त्यांची कागदपत्रं पुरी आहेत. तुमच्या कागदावर 'अज्ञात वाहन' आहे. तसे अपघात यादीत धरत नाहीत."

"मग?"

"गाडीचा नंबर मिळाला असता तर पोलिसांकडून कागद पुरा झाला असता. मग हीच जागा पहिली. उद्या बाराला यादी बंद होतेय." तिने हातातल्या फॉर्मवरचा एक रकाना पेन्सिलीने गोल केला. "वर्ष झालं. आता कुठून मिळणार?"

भागुबाईची नात दिशा आणि तिची मैत्रीण सायकली धरून कडेला कधीच्या उभ्या होत्या. रावजी रस्त्यात उतरला, हात वर केला. एक मोटार करकचून थांबली, आतल्याने शिवी दिली. मुली पलीकडे गेल्या. दिशाने मागे वळून हात हलवला.

परत येऊन तो म्हणाला, "तो फारम ठेवून जा माझ्याकडं."

"भरणार कोण, काका?"

"आकडे येतात मला."

दुपारी त्याने भात टाकला. एकट्यापुरता भात शिजवणं त्याला अजून जमत नव्हतं. उरलेला कावळ्यांना घातला. सोनाबाईची टोपली चुलीमागे होती तिथेच होती. तिच्यावरची धूळ त्याने धोतराच्या सोग्याने पुसली आणि परत तशीच ठेवली.

उन्हं कलल्यावर तो फॉर्म आणि पेन घेऊन परसात गेला. 'वाहन क्रमांक' हा रकाना मृणालने पेन्सिलीने गोल करून ठेवला होता. तो बराच वेळ दगडावर बसून राहिला. मग उठला, दोऱ्या सोडल्या आणि ताडपत्री ओढली.

पुढच्या पत्र्याला डावीकडे पोचा आला होता. पाटीवरचा नंबर त्याने एकेक आकडा बघून फॉर्मवर उतरवला. मग वर बघितलं. पुढच्या काचेवर, अपघाताच्या आदल्या संध्याकाळी अलिबागच्या पेंटरकडून बायकोच्या नकळत लिहून आणलेली पिवळी अक्षरं अजून ताजी होती. मोठी आणि सुटी सुटी, भागुबाईलाही वाचता येतील अशी.

सो ना बा ई.