शेवटचा डबा

तिसरा डबा खुमेंद्रनं टिकेशच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, ठोकला. सगळ्यात शेवटी.

पहिला त्यानं स्वतःच्या बांधीत लावला होता, तलावाच्या पाळीला लागूनच. दुसरा मधल्या शेतकऱ्याच्या, यादोरावच्या. टिकेशची बांधी पार पाटाच्या टोकाला, तिथं तिसरा. टिकेश खांब धरून उभा होता.

"हात सरकव बे, हातोडी लागन."

टिकेशनं हात तिथंच ठेवला.

नववीपर्यंत दोघं एका बाकावर. दहावीत टिकेश गणिताच्या सरांवर खवळला, दप्तर वर्गात फेकून निघाला तो परत गेलाच नाही. नवेगाव बांधच्या नेट कॅफेत पडून राहायचा, तिथंच प्रोग्राम लिहायला शिकला. खुमेंद्र नागपूरला इंजिनीअरिंगला गेला. गावात आला की लोक खुमेंद्रबाबू म्हणायचे. टिकेशला कोणी नुसतं टिकेशही म्हणत नव्हतं. 'ओ कॅफेवाले' म्हणायचे.

डब्यांचा प्रोग्राम मात्र दोघांचा. बांधीत पाणी किती चढलं ते डबा मोजतो नि बाकीच्या डब्यांना कळवतो. मोजायचा भाग पुरा टिकेशनं लिहिलेला. प्रोग्राम नेटवर उघडा ठेवला होता, कोणीही फुकट घ्या, कोणीही सुधरवा. आता बेल्जियमची एक संस्था त्याला पैसा देणार होती. तीन डब्यांतला एक मास्टर, बाकीचे स्लेव्ह. मास्टर हुकूम सोडेल, स्लेव्ह ऐकतील. मास्टर ज्याच्या बांधीत, त्या घरातल्या एकाला तीन वर्षं पगार. नाव संस्थेच्या मॅडम गावात येऊन सांगणार होत्या.

डबे खुमेंद्रनं नागपूरहूनच सील करून आणले होते, मास्टर कोणता ते बाहेरून कळत नव्हतं.

"मास्टर कोनाच्या बांधीत आहे?" टिकेशनं विचारलं.

खुमेंद्र हसला. "हे का इचाराची गोष्ट आहे का गा? गावातला बारका पोरगाबी सांगन."

ते हसणं टिकेशच्या मस्तकात गेलं. कॉलेज याचं, मानपान याचा, आता पगारही याचाच.

घरी बाप जेवायला बसला होता. श्यामलाल गावाचा पाणकर. तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं तोंड, उघडायचं नि बंद करायचं काम त्याचं. रीत अशी की पाणकराच्या बांधीला पाणी सगळ्यात शेवटी. स्वतःच्या बांधीत घोटाभर पाणी झालं, म्हणजे सगळ्यांचं झालं, की श्यामलाल तुडूम बंद करायला निघायचा. लहानपणापासून टिकेशला या शेवटी असण्याची चीड होती.

"खुमेंद्र मोठा भला पोरगा," बाप म्हणाला. "पानी कसा वाटता काका, म्हनून इचारत बसला होता."

"मस्का लावून राहिला तुले. डबा पाहिला ना? आपला शेवटी."

"मंग? आपला शेवटीच राहते."

"तुले राग नाही येत?"

"कायले येईन?" बापानं भाताचा घास उचलला.

टिकेश ताटावरून उठला नि सायकल काढली.

नेटवर मोठमोठ्या प्रोग्रामवाल्यांची या दोन शब्दांवरून भांडणं चालू होती. स्लेव्ह म्हणजे गुलाम, असा शब्द नको म्हणून एक बाजू पेटली होती, दुसरी म्हणत होती, तारांची गोष्ट आहे, माणसाला कायला लावून घेता? टिकेश तेव्हा दोघांवरही हसला होता. आज त्यानं स्वतःच्या प्रोग्रामचं तक्रारीचं पान उघडलं. खोटं नाव घेतलं नाही. कोणाच्या बापाला भितो का?

त्यानं लिहिलं, आमच्या गावात आत्ता-आत्तापर्यंत माणसं सालानं राबत होती. या प्रोग्रामात जमीनवाल्याच्या बांधीत मास्टर बसवला नि माझ्या बापाच्या बांधीत स्लेव्ह ठोकला. अशाला तुम्ही पैसा देता?

सकाळपर्यंत पान पेटलं होतं. ना ओळख ना पाळख अशी माणसं एकमेकांची उणीदुणी काढत होती. एकानं लिहिलं, हा नुसता तांत्रिक शब्द आहे. दुसऱ्यानं त्याला सुनावलं, ज्याच्या दारात ठोकला त्याला विचार.

खुमेंद्रचा फोन वाजत राहिला. टिकेशनं उचलला नाही. मग मेसेज आला: शब्द बदलून टाकतो. मॅडम येईपर्यंत थांब फक्त.

"थांब म्हने," टिकेश स्क्रीनला म्हणाला. "हुकूम सोडला मास्टरनं."

तो थांबला नाही. बापाचा बांधीतला फोटोही चढवला, चिखलात उघड्या पायानं उभा, मागं डबा.

संस्थेचं उत्तर आलं. शब्द बदलता येतात, पण गरिबाच्या शेतात असं वागणाऱ्यांना आम्ही पैसा देत नाही. टिकेशनं कॅफेतल्या सगळ्यांना समोसे खाऊ घातले. खुमेंद्रचं तोंड कसं झालं असेल हे डोळ्यापुढं आणून आणून त्यानं स्वतः तीन खाल्ले.

डबे काढायला खुमेंद्र एकटाच आला. टिकेश पाळीवर उभा राहून बघत होता. खुमेंद्रनं शिव्या द्याव्यात, अंगावर यावं, असं त्याला वाटत होतं. खुमेंद्रनं खिशातून पेचकस काढला.

"येतो का बे? खांब धर."

टिकेश उतरला. खुमेंद्रनं स्वतःच्या बांधीतल्या डब्याचे स्क्रू काढले, झाकण उघडलं नि डबा त्याच्या हातात दिला. आत पांढरी चिठ्ठी चिकटवली होती. स्लेव्ह एक.

टिकेशनं ती दोनदा वाचली.

यादोरावच्या डब्यात चिठ्ठी होती. स्लेव्ह दोन.

पाटाच्या काठानं दोघं टोकापर्यंत चालत गेले. श्यामलाल आपल्या बांधीत उभा होता, घोटाभर पाण्यात.

"माया बांधीत पानी पोचला गा," तो पोरांना म्हणाला, "जातो, तुडूम बंद करतो." आणि फावडं खांद्यावर टाकून निघाला.

खुमेंद्रनं तिसऱ्या डब्याला हात लावला नाही. पेचकस टिकेशपुढं धरला.

"हा तू खोल."