रेलिंगचं माप

"सरळ उभी राहा आणि धरायला सोपं पडेल तिथं भिंतीवर हात ठेव," हे पेन्सिल घेऊन म्हणाले. जिन्यात माझ्या गुडघ्यांसाठी रेलिंग बसवायचं होतं.

माझे गुडघे ठणठणीत आहेत. गेल्या आठवड्यात तिसऱ्या पायरीवरून घसरले ते हे. पण रेलिंगचं नाव काढलं की गुरगुरायचे, "मी काय म्हातारा झालोय?" शेवटी मीच दोन दिवस 'आई गं' करत लंगडले.

आता अडचण उंचीची. मी यांच्या खांद्यालाही पोचत नाही. माझ्या मापाचं रेलिंग यांच्या मांडीला लागलं असतं. म्हणून साडीच्या घोळाआड टाचा उचलल्या. यांनी खूण केली, पुसली, पुन्हा मोजली. मी तश्शीच उभी.

संध्याकाळी ड्रिलची धूळ झाडून हे रेलिंग धरून सावकाश खाली उतरले.

"तुला अगदी बरोबर झालंय बघ."

"हो ना!" मी हसू दाबलं.

"बस आता जरा. मघाशी इतका वेळ टाचा उचलून उभी होतीस, पोटऱ्या भरून आल्या असतील. चहा मी करतो."