पत्र्यातली लहर

रंग वाळल्यावर गाडी पहिल्यांदा उन्हात काढली, आणि जलालुद्दीनला डाव्या दारात विजेचा खांब वाकडा दिसला.

त्यानं वळून पाहिलं. रस्त्यापलीकडचा खांब सरळच होता.

गाडी जुनी कॉन्टेसा. पाटोद्याच्या अंगदच्या वडिलांची. ते गेल्यावर अकरा वर्षं कडब्याच्या शेडमध्ये पडून होती. तळ सडला होता, दारांना खालून भोकं पडली होती. घरचे सगळे भंगारात द्या म्हणत होते. अंगद मात्र ती टेम्पोत घालून बीडला जलालुद्दीनच्या गॅरेजवर घेऊन आला. "चाचा, नुसती दुरुस्त न्हाई. दांडगी करा. रस्त्यानं निघाली की मान्सं थांबली पायजेत."

जलालुद्दीननं सात महिने लावले. सडका पत्रा कापून नवा जोडला. चाकांवरच्या कमानी चार बोटं बाहेर काढल्या. बॉनेटच्या मधोमध उंचवटा उठवला. सगळं हातोडीवर, खड्डे बुजवायची पुट्टी नावाला. चाळीस वर्षं त्याची हीच ख्याती होती. जलालुद्दीन पत्रा डोळ्यांनी बघत नाही, तळव्यानं बघतो, असं गावातले बाकीचे पत्रा ठोकणारे डेंटर सांगायचे.

अंगदनं काळा रंग मागितला होता. काळ्यात पत्र्याचा कुठलाच दोष लपत नाही. जलालुद्दीनला त्याची कधी भीती वाटली नव्हती.

तो दोन पावलं बाजूला सरकला. दारातला खांबही सरकला, आणि मध्यावर येताच पाण्यात पडल्यासारखा हलला. जलालुद्दीननं दारावर तळवा ठेवला. पुढून मागं सावकाश नेला. मग डोळे मिटून परत नेला. पत्रा गुळगुळीत होता.

तेवढ्यात रहेमतबी डबा घेऊन आली. त्याची बायको. घर गॅरेजच्या मागच्याच गल्लीत होतं.

"दोन वाजले. जेवायचं न्हाई का?"

"हिकडं ये. ह्या दाराला हात लाव."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"लाव तर."

तिनं डबा बाकड्यावर ठेवला, ओढणीला हात पुसला आणि दारावरून फिरवला. मध्येच तिचा हात थांबला.

"हितं खाली गेलंय की."

"कुठं?"

तिनं त्याची बोटं धरून त्या जागेवर ठेवली, वरून आपला हात दाबला. "हे बघा. हितून हितपर्यंत. परातीसारखं झालंय."

त्याला काहीच लागलं नाही. जिनं जन्मात कधी पत्र्याला हात लावला नव्हता, तिला कळत होतं.

तो बाकड्यावर बसला. "मला लागंना, रहेमत."

ती दचकली नाही. त्यानं मान वर करून तिच्याकडं पाहिलं.

"तुला म्हाईत होतं?"

"रमजानपासून," ती हळू म्हणाली. "सहरीच्या वक्ताला भाकर उलटायला तुमी तव्यावर हात घातला. अंगठा तव्याला टेकला तरी तसाच. मी वरडले तवा काढला. तुमच्या शुगरनं हाताचं असं हुतं म्हणत्यात."

"मग बोलली कावून न्हाईस?"

"कसं बोलू? तुमी रोज ह्या गाडीचंच सांगायचे. आज कमान झाली, आज दार झालं. लई खुश होते तुमी."

डबा तसाच राहिला.

थोड्या वेळानं अंगदची मोटारसायकल आली. तो उतरला आणि जागच्या जागी उभा राहिला. मग गाडीभोवती एक फेरी मारली. डाव्या दारापाशी क्षणभर थांबला, वाकून काचेतून आत बघितलं, पुढं गेला. त्याला काही दिसलं नव्हतं.

"चाचा," तो म्हणाला, "अण्णांनी नवी आणली तवा बी इतकी देखणी नव्हती."

रहेमतबीनं नवऱ्याकडं पाहून हलकेच मान हलवली. नका बोलू.

"अंगद, बेटा," जलालुद्दीन उठून म्हणाला, "गाडी आज देत न्हाई. ह्या दाराचा रंग काढावा लागंल."

"का? काय झालं?"

जलालुद्दीननं त्याला दारासमोर उभं केलं, दोन्ही खांदे धरून थोडं डावीकडं वळवलं. "त्यो खांब बघ दारात. बघितला? आता हळूच सरक."

अंगद सरकला. बघत राहिला. मग हसला. "एवढं कोण बघतंय, चाचा?"

"मी बघायचो."

अंगदचं हसू मावळलं.

"गुफरानला बोलावतो," जलालुद्दीन म्हणाला. "माझ्याच हाताखाली शिकलाय. दार त्यो करील. बाकीच्या पत्र्यावरून बी त्याचा हात फिरवून घेतो. मग ने."

"तुमी करा की. मी थांबतो. महिना लागला तरी थांबतो."

जलालुद्दीननं आपले हात पुढं केले, दाखवल्यासारखे. रहेमतबीच बोलली, "त्यांच्या हाताला आता लागत न्हाई, बाळा. थंड न्हाई, गरम न्हाई. काईच न्हाई."

अंगद त्या हातांकडं बघत राहिला. मग त्यानं चाचाचा उजवा हात उचलून आपल्या डोळ्यांवर ठेवला आणि बराच वेळ तसाच दाबून धरला. रस्त्यावरून एक एसटी गेली. त्यानं हात सोडला, मोटारसायकलकडं गेला आणि किक मारली.

जलालुद्दीननं तो हात उन्हात उताणा करून पाहिला. तळवा ओला होता.