लांब दातांचा कंगवा

१९८२ साली केनियाहून नाशिकला नर्सिंग शिकायला आलेली वांजिरू हॉस्टेलच्या पायरीवर रडत बसली होती. बाजारातून आणलेला तिसरा कंगवाही तिच्या दाट केसांत मोडला होता. स्वयंपाक करणाऱ्या रिबकामावशींनी घरून लाकडी कंगवा आणला. मोजकेच दात, बोटाएवढे लांब. वांजिरू चकित झाली. “मावशी, हा तर आमच्याकडचा.” “माझ्या आजीचा. गुलामांच्या जहाजावरून इंग्रजांनी सोडवून तिला लहानपणी इथल्या शरणपूरच्या मिशनात आणलं. देश कुठला, तिला कधी सांगता आलं नाही. कंगवा आठवत होता, तसा तिने सुताराकडून करवून घेतला.” मावशींनी वांजिरूच्या डोक्यालगत बारीक, घट्ट वेण्या घातल्या. “अगदी आईच्या हातच्या,” वांजिरू म्हणाली. शाळेत पोरी मावशींना केसांवरून ‘हबशीण’ म्हणायच्या, तेव्हापासून त्यांनी डोकं उघडं ठेवलं नव्हतं. आज डोक्यावरचा पदर खांद्यावर घेऊन त्या वांजिरूपुढे पाठमोऱ्या बसल्या. “आजीनंतर कुणी घातल्या नाहीत. माझ्याही घाल.”